नवेगावबांधच्या तलावाकाठी निवृत्तीनंतर कायमचं राहायला जावं का?

शाळेच्या_बाई

नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. येत्या जूनमध्ये मला ५८ पूर्ण होतात. यांचं कापडाचं दुकान होतं, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, तेव्हा ते देऊन टाकलं. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. घर स्वतःचं आहे, पण अगदी मोठ्या रस्त्याला लागून. रात्रभर ट्रक, आणि दिवाळी झाली की जिनिंगची रुई नाकातोंडात.

जानेवारीत आम्ही चार दिवस गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला राहून आलो. घरी जिना चढताना दोनदा थांबणारा माणूस तिथे तलावाच्या पाळीवरून न थांबता चालत गेला. मीच मागे राहिले, तर वळून म्हणाले, "ये ना, इथे दम लागत नाही." एक ढिवर दादा डोंग्यात उभं राहून जाळं ओढत होते. त्यांनी हात लांब करून भोवतालच्या डोंगरांना "ह्या सात बहिणी" म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून यांच्या तोंडी दुसरा विषय नाही.

तलावापासून चारेक किलोमीटरवरच्या गावात एक घर विकाऊ आहे. कवेलूचं, पुढे पडवी, मागे मोठी सांदवाडी म्हणजे परसाची मोकळी जागा, विहीर, दोन आंबे आणि एक मोह. हिंगणघाटचं घर विकलं तर ते घेऊन वर बऱ्यापैकी पैसा उरतो. हे तिथल्या तिथे शब्द देणार होते, मीच थांबवलं. मुलगी म्हणते, "आई, बाबांना रात्री काही झालं तर?" मुलगा पुण्याला बोलावतो. त्याच्या अकराव्या मजल्यावर आम्ही महिनाभर राहिलो, हे दिवसभर टीव्हीसमोर बसून असायचे, ते मला बघवलं नाही.

चार दिवस फिरून आलेल्यांचं मत माझ्याकडे आहेच, माझंच आहे. तिकडे पावसाळे काढलेल्या कुणी सांगा. जावं का?

सांदवाडी_मुक्काम

ताई, मी पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन अर्जुनी मोरगाव तालुक्यातच राहतो. सहावं वर्ष चाललंय. मूळ मी उमरेडचा, बायको नागपूरची, म्हणजे आम्हीही बाहेरूनच आलेलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही आलात जानेवारीत. धान घरात आलेलं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, लाखोळी हिरवीगार, पाण्यावर परदेशी बदकं, मंडया म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा नुकत्याच आटोपलेल्या आणि गावोगावी झाडीपट्टीची नाटकं. तेव्हा कुणाचाही जीव इथे रमतो. घर घ्यायचं ते ऑगस्टातली रात्र पाहून.

कवेलूपासून सुरू करतो, कारण तुमचं घर कवेलूचं आहे. वानरांची टोळी एकदा छपरावरून धावली की पन्नास-साठ कवेलू सरकतात, दहा-वीस फुटतात. मृगाच्या आधी सगळं छप्पर फेरून घ्यावं लागतं. ते काम येणारी माणसं आता गावात दोन-तीनच उरलीत आणि सगळ्यांना ती त्याच आठ दिवसांत हवी असतात. पहिल्या वर्षी मी उशीर केला. जुलैत आम्ही घरातली सगळी पातेली गळतीखाली मांडून रात्रभर पाणी बाहेर नेऊन ओतत होतो.

आता साप. दुसऱ्या वर्षीचा श्रावण होता. रात्री वीज गेलेली, बायको पाणी प्यायला उठली. मी टॉर्च लावला तर तिच्या गादीच्या कडेला, अगदी वीतभर अंतरावर, काळी चकचकीत मण्यार. अंगावरचे पांढरे पट्टे मोजता येतील इतक्या जवळ. ती हलत नव्हती आणि आम्हीही हललो नाही. पुढे शेजारच्या मुलाने लांब काठीने तिला बाहेर काढलं. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावल्याचं दुखत नाही, झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, तेव्हा कळतं. त्या रात्रीपासून आम्ही खाली झोपलो नाही. पलंग भिंतीपासून हातभर दूर, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली, टॉर्च उशीखाली. यात एक दिवसाचीही सूट नाही. औषध असतं आणि चालतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चावल्यानंतर द्यायचं एकच इंजेक्शन आहे. फक्त वेळेत पोचायचं, मांत्रिकाकडे तासभर घालवायचा नाही.

साप तरी दिसतो. आमच्या घरी खरा घात केला तो तापाने. चौथ्या वर्षी सप्टेंबरात हिला ताप भरला. एका खासगी दवाखान्यात चार दिवस टायफॉईडचे उपचार चालले, ताप काही उतरेना. पाचव्या दिवशी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सगळं अंग पाहिलं. कमरेला, साडीची गाठ येते तिथे, विडीचा चटका बसावा तशी एक काळी खपली होती. हिला स्वतःला तिचा पत्ता नव्हता. स्क्रब टायफस. गवतात-झुडपात बारीक किडे असतात, त्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून होतो. औषध अगदी साध्या गोळीचं, दोन दिवसांत ताप गेला. पण उशीर झाला असता तर किडनीवर गेलं असतं. २०१८ साली विदर्भात याची मोठी साथ आली होती, मी पेपरात वाचून विसरलो होतो. तुमच्या सांदवाडीत गवत वाढू देऊ नका. पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना सांगा, आम्ही गवताच्या गावचे आहोत, स्क्रबची तपासणी करा.

तिसरी गोष्ट माणसांची. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला की गाव सकाळी सहाला रिकामं होतं. पऱ्हे म्हणजे रोपं उपटायला, चिखलात रोवायला सगळी जातात, म्हाताऱ्या आयासुद्धा. तेव्हा तुमच्या पडवीत बोलायला कुणी येत नाही, महिना-दीड महिना. मला वाचायची सवय आहे, पाळीवर जातो, माझं निभतं. बायकोला ते दिवस फार जड गेले. तिसऱ्या वर्षी ती स्वतःच शेजारणीबरोबर बांधीत उतरली, पाठ धरेपर्यंत रोवलं, आणि त्या दिवसापासून ती या गावची झाली. मी अजून पूर्णपणे झालेलो नाही.

एवढं असून मी इथून हलणार नाही. आयुष्यभर धरणांच्या कागदांवर सह्या केल्या. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी या माणसाने बांधला. डोंगरांच्या मधल्या फटी बुजवून पाणी अडवायचं, एवढ्या साध्या कल्पनेवर. तीनशे वर्षं ते पाणी आहे. या भागातले मालगुजारी, म्हणजे जुन्या गावमालकांच्या काळातले, तलाव तसेच. तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी पाटाने कुणाच्या बांधीत आधी जायचं हे पूर्वी गाव ठरवायचं. मी संध्याकाळी पाळीवर बसतो तेव्हा त्या माणसांच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं.

माझं म्हणणं एकच. हिंगणघाटचं घर विकू नका. तेच घर, नाहीतर त्याच गावातलं दुसरं, मृगापासून दिवाळीपर्यंत भाड्याने घ्या. कोणी विकत घ्यायची घाई केली तर करू द्या. खेड्यात घरं काही एवढ्या भराभर जात नाहीत.

निवृत्त_परिचारिका

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, बरीचशी खेड्यात. तुमच्या मुलीचा प्रश्न बरोबर आहे.

हार्टचा झटका आला तर अँजिओप्लास्टीसाठी तिकडून बहुधा नागपूरच गाठावं लागेल, म्हणजे अडीच-तीन तास. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं नसतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते पहिल्या काही तासांत, जितक्या लवकर तितकं बरं. म्हणून घर बघण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जा आणि विचारा. रात्री दोन वाजता ईसीजी निघतो का? तो वाचणारं कोण असतं? ते इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे का? दिवसा विचारू नका, रात्री दहाला जाऊन विचारा. काय ते तिथेच कळेल. १०८ ची गाडी कुठे उभी असते आणि तुमच्या गावाला यायला किती वेळ लागतो, हे गाडीच्या ड्रायव्हरलाच विचारा.

यांच्या गोळ्या महिनाभराच्या जास्तीच्या ठेवा. शेवटच्या ईसीजीची प्रत दाराजवळ लावा, म्हणजे नवीन डॉक्टरला जुनं-नवं ओळखता येतं. आणि दोघांपैकी गाडी कोण चालवतं? यांच्याशिवाय कोणी चालवत नसेल तर तुम्ही शिका. माझ्या बहिणीच्या घरी नेमकं हेच अडलं होतं. गाडी दारात होती, चालवणारा खाटेवर.

माजी_तलाठी_भंडारा

बाई, कागदाचं थोडं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. घर गावठाणात असेल आणि ड्रोनने मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका निघाली असेल, ती मागा.

सांदवाडी मोठी आहे म्हणता, तिथे जपा. पुढचा भाग गावठाणात आणि मागचा सातबाऱ्यावर, असं बऱ्याच ठिकाणी असतं. सातबाऱ्यावरची शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असणं लागतं. माहेरच्या किंवा सासरच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर आत्ताच उतारा काढून ठेवा. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. कुणी "करून देतो जी" म्हटलं तरी नाही. भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन, दिसलं तरी थांबा. आणि झुडपी जंगल अशी नोंद असेल तर हातच लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या जमिनी वनच मानायच्या असं सांगितलंय.

याच_गावाकडची

मी त्याच पट्ट्यातली, सध्या गोंदियाला शिकते. तुम्ही या, असंच मला वाटतं. फक्त एक विनंती आहे.

आमच्या गावात बाहेरच्या एका कुटुंबाने जागा घेतली आणि पहिल्याच महिन्यात तारेचं कुंपण घातलं. तिथून बोडीकडे, म्हणजे छोट्या तळ्याकडे, गुरं जायची वाट होती. आजोबांच्याही आधीपासूनची. भांडण झालं नाही, कोणी काही बोललंही नाही. पण त्या घरी मग कोणी गेलंच नाही. घर घेण्याआधी निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या सामायिक हक्कांची नोंद, बघा, आणि त्याहून आधी शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की इथून कोण कोण जातं.

तुमच्या मोहाच्या झाडाचंही विचारून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये त्याची फुलं कोण वेचतं ते ठरलेलं असू शकतं. आणि तेव्हा पहाटे एकट्याने झाडाखाली जाऊ नका, अस्वलाला मोहफूल फार आवडतं. माझ्या मावशीच्या खांद्यावर अजून खूण आहे.

शांतता हवी म्हणून येताय, तर मंडईच्या रात्री दंडार, म्हणजे आमचं लोकनाट्य, पहाटेपर्यंत चालते. तेव्हा खिडकी लावून झोपू नका, येऊन बसा.

शाळेच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मण्यारीपर्यंत ते ऐकत होते, खपलीच्या गोष्टीनंतर उठून अंगणात गेले. तासाभराने आले आणि म्हणाले, "मग भाड्यानेच बघू."

त्या घरमालकांना फोन केला. आधी जरा नाराज झाले, मग जून ते नोव्हेंबर द्यायला तयार झाले. मोहाची फुलं त्यांच्या चुलतबहिणीची असतात म्हणाले. विचारलं नसतं तर मला कधी कळलं नसतं, तेव्हा ताई तुझे विशेष आभार. वाटेचं तिथे गेल्यावर विचारीन. माहेरच्या सातबाऱ्यावर आम्हा तिघी बहिणींची नावं आहेत, उतारा काढायला भावाला सांगितलंय.

पुढच्या शनिवारी मुलीला सोबत घेऊन जातोय. रात्री दहाला ग्रामीण रुग्णालयात जायचं, हे काम तिने स्वतःकडे घेतलंय. गाडीचं म्हणाल तर आजपासून मी मैदानावर शिकायला जाते. पहिला गिअर आणि ब्रेक एवढं जमलं.

सांदवाडी भाऊ, कवेलू फेरणाऱ्यांना मे महिन्यातच सांगून ठेवावं लागेल ना? त्यांचा नंबर मला खासगी निरोपात पाठवाल का? आणि डबल पलंगाची मोठी मच्छरदाणी तिकडच्या आठवडी बाजारात मिळते की इथूनच आणू?