गाडी घरात आली कशी, राहिली कुणामुळे? कोकणातल्या जुन्या गाड्यांचे अनुभव

आमच्या गुहागरच्या आगराच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेच्या, सातबाऱ्यावर बावीस नावं आहेत. अंगणात उभ्या असलेल्या १९६८च्या फियाट डिलाइटच्या आरसी बुकात मात्र एकच नाव होतं, आणि तेही आजोबांचं नव्हतं. त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाआजोबांचं होतं.

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे किंवा होती, त्यांनी इथे लिहावं म्हणून हा विषय काढते आहे. मॉडेल, रंग, इंजिन सांगाच. पण ती घरात आली कशी आणि कुणाच्या जिवावर टिकली, ते जास्त सांगा. सुरुवात मी करते.

आजोबा गावात डॉक्टर होते. तेव्हा पैसे असले तरी गाडी लगेच मिळत नसे. नंबर लावायचा आणि कित्येक वर्षं थांबायचं. हा नंबर लावला होता मुंबईच्या दादाआजोबांनी, स्वतःसाठी. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून गाडी मिळायची वेळ आली, त्या वर्षी ते मे महिन्यात गावी आले होते. एका रात्री वेळणेश्वरच्या बाजूने बाळंतीण अडल्याचा निरोप आला आणि आजोबा कंदील घेऊन बैलगाडीत बसून गेले. दादाआजोबा पहाटेपर्यंत ओटीवर बसून होते, असं आजी सांगायची. गाडी कारखान्यातून सुटल्यावर त्यांनी ती सरळ गुहागरला पाठवली. नाव बदलून घ्यायचं राहून गेलं.

गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, त्यामुळे पुढे सलग बाक. मागच्या सीटवर पेशंट आडवा, त्याचं डोकं घरच्या कुणाच्या तरी मांडीवर, आणि पुढे आजोबांच्या शेजारी आणखी दोघं. चिपळूण पंचेचाळीस किलोमीटर. उन्हाळ्यात शृंगारतळी ओलांडून मार्गताम्हाण्याकडे जाताना इंजिनाजवळचा पेट्रोलचा पंप तापायचा, पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी चढावर दम टाकायची. पंपावर ओलं फडकं घालून थांबायचं, एवढाच उपाय. पंच्याचा एक तुकडा आणि पाण्याचा तांब्या आजी स्वतः गाडीत ठेवायची. खाऱ्या वाऱ्याने पत्रा सडू नये म्हणून दर शनिवारी विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी धुवायचीही तीच. दाराखालच्या पट्ट्यांत पाणी साचून राहतं, गंज तिथूनच लागतो. म्हणून ती केरसुणीची काडी घालून तिथली भोकं मोकळी करायची. तिला गाडी चालवता येत नव्हती. पण आज पन्नासहून जास्त वर्षांनीही तळाचा पत्रा मूळचाच आहे, तो तिच्यामुळे.

पुढे आगराच्या वाटणीवरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. कोर्टकचेरी झाली, गणपतीचं एकत्र येणं बंद झालं. गाडीचा विषय मात्र कुणीच काढला नाही. दादाआजोबांनी ती मागितली नाही, आजोबांनीही नाव बदला म्हटलं नाही.

२०२२मध्ये कागद सरळ करायला घेतले तेव्हा दादाआजोबांच्या पाचही वारसांच्या सह्या हव्या होत्या. मी त्यांच्या लेकीला, डोंबिवलीच्या आत्याला पत्र टाकलं. फोन करायचा धीर झाला नाही. अकराव्या दिवशी जाड पाकीट आलं. पाच संमतीपत्रं, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत गाडीचा नंबर लावल्याची मूळ पावती. सोबत आत्याची एकच ओळ होती: "बाबांनी ही देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवली होती, आता गाडीपाशी असू दे."

संगमेश्वरहून

आमच्या घरी गाडी कधी आलीच नाही, तरी लिहिते. माझे आजोबा मुंबईत तीस वर्षं काळी-पिवळी चालवत होते. प्रीमियर पद्मिनी, मालक दुसरा. गावी यायचे ते एसटीने, शिमग्याला आणि गणपतीला. ज्या गाडीवर आमचं घर उभं राहिलं ती आमच्या वाडीतल्या कुणी पाहिली नाही. माझ्या आजीनेही नाही.

ती गाडी मोडीत निघाली तेव्हा मालकाने काय हवं ते विचारलं. आजोबांनी मीटर मागितला. बाहेर, डाव्या बाजूला बसवलेला तो जुना लोखंडी मीटर. गिऱ्हाईक बसलं की झेंडा खाली फिरवायचा. आज तो आमच्या माजघरात खुंटीवर आहे. झेंडा फिरवला की आत अजून खटकन आवाज होतो. ऑक्टोबर २०२३च्या शेवटी मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, बातम्यांत दाखवत होते. आजी टीव्हीसमोर बसली आणि म्हणाली, "एवढीशीच होती होय गाडी? मला वाटायचं मोठी असेल."

आजोबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पुण्याहून, मूळ गाव राजापूर

गुहागरच्या ताईंना एक विचारायचं आहे. आमच्याकडे १९६०च्या दशकातली स्टँडर्ड हेराल्ड आहे, काकांच्या पडवीत. जुन्या नंबरसकट ती कायदेशीर ठेवता येते का? काकांना तो नंबर जाईल याचीच भीती आहे, म्हणून ते कुणालाच कागद दाखवत नाहीत.

उत्तर, गुहागर

नंबर जात नाही, काकांना निश्चिंत राहू दे. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. फेरनोंदणीला ५,०००. अर्ज फॉर्म २०वर, सोबत विमा आणि जुनं आरसी बुक. अट एकच मोठी: रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. आरसी बुकातली व्यक्ती हयात नसेल तर आधी फॉर्म ३१वर वारसाच्या नावाने करून घ्या. ते काम काका आहेत तोवर करा. नंतर सह्या गोळा करणं किती अवघड जातं ते मी पाहिलं आहे.

चिपळूणहून

मी मालक नाही, मिस्त्री आहे. वडीलही हेच काम करायचे. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर माझ्याकडे एक अॅम्बेसेडर आली. टपापर्यंत पाण्यात होती. मालकाचा मुलगा चावी घेऊन उभा होता. मी आधी चावी काढून घेतली.

पुरातून निघालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. सिलिंडरमध्ये पाणी असतं, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनाला वाली उरत नाही. आधी बॅटरी सोडवायची, ऑइल सगळं काढायचं, प्लग काढून भोकांतून थोडं डिझेल सोडायचं आणि एक दिवस तसंच ठेवायचं. मग हँडलने हळूहळू हाताने फिरवायचं. अॅम्बेसेडरला हँडल लागतं, म्हणून ती वाचते. आम्ही तीनदा ऑइल बदललं, प्रत्येक वेळी दुधाळ निघालं. चौथ्या वेळी स्वच्छ आलं.

त्याहून जास्त वेळ गेला तो गाळ काढण्यात. मागची सीट उचलली तर खाली गाळात काचेच्या हिरव्या बांगडीचे तुकडे, दहा पैशांची दोन नाणी, एक बाळाच्या वाळ्याची कडी आणि एसटीचं विरघळायला आलेलं तिकीट. मी सगळं एका डबीत धुऊन ठेवलं. मालकाची आई गाडी बघायला आली तेव्हा डबी तिच्या हातात दिली. बाईंनी कडी ओळखली. पहिल्या मुलीची. ती मुलगी दोन वर्षांची असताना गेली, आणि हे त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं.

गाडीचं काम साडेचार महिने चाललं. मजुरीचा हिशेब मी पूर्ण घेतला, आणि आईंनी तो हट्टाने दिला.

नागाव, अलिबाग

आम्ही विकली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात फणस कोसळला, थेट गाडीवर. वाडीतल्या सुपाऱ्या अर्ध्याहून जास्त गेल्या होत्या, घराचं छप्पर उघडं होतं, पावसाळा तोंडावर. गाडी दुरुस्त करायचा विचारही शक्य नव्हता. भंगारवाल्याने वजनावर नेली. वडिलांनी दुसरी चावी दिली नाही, ती त्यांच्या जानव्याला असते. अजून.

कुडाळहून

आमची जीप. महिंद्राची, विलिजच्या बनावटीची, आज्याने लष्कराच्या लिलावात घेतलेली. आजा शेतकरी, पण ओढ दशावताराची. जत्रांचा हंगाम आला की पंचक्रोशीतल्या दशावतारी नाटक कंपनीचा पेटारा न्यायला जीप त्याची. पेटाऱ्यात गणपती असतो, मुकुट असतात, राजाचं सोंग असतं. तो डोक्यावरून चालत नेताना माणसं थकून जायची, आणि रात्री त्याच माणसांना उभं राहून पहाटेपर्यंत नाटक करायचं असायचं. जीप घेण्यामागे एवढंच कारण होतं. आज्याने घरच्या लग्नालाही ती एकदा नाकारली, कारण त्या दिवशी जत्रा होती. आजी त्याबद्दल बरीच वर्षं बोलत होती.

बसण्याचा नियम ठरलेला: "आधी पेटारो, मगे माणसां." मी लहानपणी पेटाऱ्याला टेकून झोपलो तर आज्यान उठवलंन, "पाय लावू नको रे झिला, राजा हा आत."

आता कंपन्यांकडे स्वतःचे टेम्पो आहेत. जीपचं कुणाला काम नाही. बाबा दरवर्षी क्लचचं, ब्रेकचं करून घेतात, आणि पहिल्या जत्रेला पेटारा आमच्याच जीपमधून जातो, असं कंपनीवाल्यांनीच ठरवून टाकलंय. फक्त तेवढी एक फेरी, देवळापर्यंत. बाबांचे गुडघे गेलेत, म्हणून गेल्या वर्षी पहिल्यांदा माझ्या बहिणीने चालवली. यंदा देवदिवाळीनंतर परत तीच नेतली.