गोंडी, तेलुगू, कोरकू, मराठी: तुमच्याकडे भाषा कशा आल्या?

कोरची, जि. गडचिरोली
तेंदूपत्ता संकलन केंद्रावर परवा एक वृद्ध आजी ७० पानांचे पुडे मोजत होत्या: ‘उंदी, रंड, मूंद, नालूंग.’ माझी आईही अशीच मोजत असे. आई गोंडी बोलायची, वडील झाडीबोली आणि शाळेत पुस्तकी मराठी होती. पहिलीत मी गुरुजींकडे ‘येर’ मागितले. तो शब्द त्यांना कळला नाही आणि मी दुपारपर्यंत तहानलेली राहिले. ‘पाणी’ हा शब्द मी त्या दिवशी शिकले, परंतु ‘येर’ म्हणणे मात्र तेव्हापासून सोडले, याचे दुःख आजही आहे. आपापले अनुभव लिहावेत.

सिरोंचा
ताई, आमच्या घरी तेलुगू. आरोग्यसेविका म्हणून भामरागडकडे गेले, तेव्हा माडिया गोंड बायकांशी कसे बोलावे याची चिंता होती. पण त्यांचे आकडे ऐकले आणि धीर आला, कारण आमचे ‘रेंडु, मूडु, नालुगु’ त्यात ओळखू येत होते. या सर्व द्राविडी कुळातल्या भाषा आहेत हे मला फार नंतर समजले. कानाला ते आधीच समजले होते. पाचाला आम्ही ‘ऐदु’ म्हणतो. गोंडीत काय म्हणतात?

धारणी, मेळघाट
माझे माहेर अचलपूरचे, घरात वऱ्हाडी, सासरी कोरकू. तुमचे ‘येर’ आमच्याकडे ‘डा’ आहे. कोरकू मुंडा कुळातली असल्याने तिच्यात मला ओळखीचे काहीच सापडले नाही आणि प्रत्येक शब्द सासूबाईंनी चुलीपाशी बसवून शिकवला. पहिला शब्द ‘जोम’, म्हणजे खाणे. पोळ्या करायच्या आहेत, उरलेले रात्री लिहिते.

भंडारा
माझे वय ८४ आहे. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो आणि सरकारी कागद हिंदीत व मराठीत येत. वडिलांना आलेले कागद वाचून दाखवता दाखवता मी हिंदी शिकलो. त्यासाठी वेगळा वर्ग कधी लावला नाही.

पुसद
काका, आमच्या तांड्यात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, अजून घराघरांत आहे, पण माझी मुले ती समजतात आणि उत्तर मराठीत देतात. आजीशी तरी गोरमाटीतच बोलावे, एवढा नियम मी केला आहे. धारणीच्या ताई, तुमची मुले घरी कोणती भाषा बोलतात?

धारणी, मेळघाट
आजीशी कोरकू, माझ्याशी वऱ्हाडी. आणि भांडण झाले की दोन्ही.

कोरची
सिरोंच्याच्या ताई, पाचाला ‘सैयूंग’ म्हणतात. मला ते आठवेना, म्हणून आज पुन्हा केंद्रावर जाऊन त्या आजींना विचारले. त्यांनी माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतले.