वाड्यातील मांजरीला पिल्लांसह नदीपलीकडे सोडणे योग्य आहे का?

प्रश्न
आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात राहतो. जिन्याखालच्या अडगळीत एका भटक्या मांजरीने तीन पिल्ले घातली आहेत. त्यांचे डोळेही अजून उघडलेले नाहीत. दोन बोक्यांची रात्रीची भांडणे आणि जिन्यातला उग्र वास यांना सगळेच कंटाळले आहेत. शेजारचे काका म्हणतात, सगळ्यांना पोत्यात घालून विश्वामित्रीपलीकडे सोडून येऊ. माझे मन धजत नाही. मांजरांचे हाल न होता शेजाऱ्यांचाही त्रास कसा कमी करता येईल?

प्रतिसाद १
ताई, पोत्याचा विचार कृपया थांबवा. मांजर जागेला धरून राहते. अनोळखी ठिकाणी तिला पाणी कुठे, आडोसा कुठे हे ठाऊक नसते, तिथली मांजरे तिला टिकू देत नाहीत आणि परतीच्या धडपडीत ती अनेकदा गाडीखाली सापडते. इकडे वाड्यातले उंदीर आणि उघडे उष्टे तसेच राहिल्याने रिकाम्या जागी दुसरी मांजर येते. प्राण्यांना क्रूरपणे वागवणे १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही काकांना नम्रपणे सांगावे.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात, ते उगीच नाही. वर्दळ वाढली की ती एकेक पिल्लू मानेला धरून हलवते, म्हणून सध्या पिल्लांना हात लावू नये. अडगळीत एक खोके आडवे ठेवून त्यात जुने सुती लुगडे अंथरावे. तिथे फिनेल मात्र मुळीच टाकू नये, कारण पंजाला लागलेले फिनेल मांजरे चाटतात आणि त्यातील फिनॉल त्यांच्या यकृताला पेलवत नाही.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण खरा उपाय नसबंदी हाच आहे आणि सुरुवात बोक्यांपासून करावी, कारण भांडणे आणि वास ही मुख्यतः त्यांचीच देणगी आहे. आमच्या गल्लीतील करड्या बोक्यासाठी आम्ही पिंजऱ्यात तळलेल्या मासळीचा तुकडा ठेवला होता. दार पडताच तो जाळीवर धडका देऊ लागला. वर जुनी चादर टाकली, तेव्हा अंधारात हळूहळू शांत झाला. पशुवैद्यांनी भूल दिलेली असतानाच त्याच्या डाव्या कानाचे टोक कापले, म्हणजे नसबंदी झालेली मांजर दुरूनही ओळखता येते. बरा झाल्यावर त्याला त्याच गल्लीत सोडले आणि काही आठवड्यांत वास खूपच कमी झाला.

मांजरीची घाई मात्र करू नका. आम्ही एकदा अंगावर पाजणारी मांजर नकळत पकडली आणि तिची पिल्ले माळ्यावर रात्रभर ओरडत राहिली. ती रात्र मी विसरलेलो नाही. पिल्ले साधारण आठ आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागली की लगेच तिला न्यावे, कारण पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत विते. पिल्लांचीही नसबंदी वेळेवर करावी, कारण चौथ्या-पाचव्या महिन्यातच तीही व्यायला योग्य होतात.

प्रतिसाद ३
थोडी भर घालते. मोठ्या मांजरीला गाईचे दूध बहुधा पचत नाही. तिला स्वच्छ पाणीच द्यावे. कोणाला ओरखडा किंवा चावा बसल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद काकांना वाचून दाखवले. पोते त्यांनी परत माळ्यावर टाकले आहे आणि बोक्यांसाठी पिंजरा आणायला ते स्वतः माझ्याबरोबर येणार आहेत.