८० वर्षांनी शौर्यपदक द्यावं का? (घाडगे, शीअन आणि बाकीचे)

घाटमाथा

इटलीच्या पेरुजा प्रांतात मोंतोने हे टेकडीवरचं छोटं गाव आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक झालं. स्मारक म्हणजे चालतं सूर्यघड्याळ, आणि त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

घाडगे आपल्या माणगाव तालुक्यातले, ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी. घाडगे एकटेच ठाण्यावर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकून गन आणि गनर निकामी केला, मग टॉमीगननं एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्यानं जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय २२.

आधीच स्पष्ट करतो: पदक त्यांना ७९ वर्षांनी मिळालं नाही. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, २ नोव्हेंबर १९४४ च्या गॅझेटमध्येच (सरकारी राजपत्रात) आहे. उशिरा आलं ते स्मारक, आणि तेही त्या खोऱ्यातल्या लोकांकडून.

प्रश्न बाकीच्यांचा आहे. ज्यांना तेव्हा काही मिळालं नाही, अशांची प्रकरणं अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया पुन्हा उघडतात आणि सर्वोच्च पदक देतात. माझं मत: पदक उशिरा देऊ नये. स्मारक कितीही उशिरा करा, नाव कितीही उशिरा कोरा, पण पदक हा त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी त्या वेळच्या साक्षी ऐकून दिलेला निवाडा असतो. साक्षीदार गेल्यावर तो फिरवायचा कशाच्या जोरावर?

जुनी_नोंद

असहमत. "त्या वेळचा निवाडा" म्हणताना तो कुठल्या नियमांत बसवला होता तेही बघायला हवं. ऑस्ट्रेलियाचंच प्रकरण घ्या.

टेडी शीअन हा १८ वर्षांचा नौसैनिक होता, आर्मिडेल या कॉर्व्हेटवर, म्हणजे छोट्या युद्धनौकेवर. १ डिसेंबर १९४२ ला तिमोरजवळ जपानी विमानांनी जहाज बुडवलं. जहाज सोडण्याचा हुकूम झाला होता आणि पाण्यात पडलेल्या लोकांवर विमानं गोळ्या झाडत होती. शीअनला दोन जखमा झाल्या होत्या. तो मागच्या डेकवरच्या २० मिलिमीटर ऑर्लिकन गनपाशी गेला, स्वतःला तिच्याशी पट्ट्यांनी बांधून घेतलं आणि गोळीबार सुरू केला. पाणी गनपर्यंत चढलं तरी गोळ्या सुटतच होत्या, असं वाचलेल्यांनी सांगितलं. जहाजावरच्या १४९ पैकी ४९ वाचले.

त्याला काय मिळालं? मरणोत्तर 'मेन्शन इन डिस्पॅचेस', म्हणजे अहवालात नावाचा उल्लेख. इथे मेख आहे. त्या काळच्या ब्रिटिश नियमांत मेलेल्या माणसाला लढाईतल्या शौर्यासाठी दोनच गोष्टी देता येत: व्हिक्टोरिया क्रॉस किंवा हा उल्लेख. मधली सगळी पदकं जिवंत माणसांसाठी. शिडीच्या मधल्या पायऱ्याच काढलेल्या, त्यामुळे सर्वोच्च पदकासाठी थोडी जरी शंका आली तरी माणूस थेट तळाशी. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या नौसैनिकांचे निर्णय लंडनच्या ॲडमिरल्टीत, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयात होत. याला निवाडा म्हणायचं असेल तर म्हणा, पण तो फिरवायला हात थरथरू नयेत.

तोफखाना

मेलेल्यांना पदक न देण्याची गोष्ट जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत व्हिक्टोरिया क्रॉसही मरणोत्तर देत नसत. १९०७ मध्ये राजानं मागच्या लढायांतली सहा पदकं एकदम मंजूर केली, त्यात १८७९ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या इसांडलवाना लढाईतले मेलव्हिल आणि कॉगहिलही होते. म्हणजे उशिरा पदक देणं ही आजची टूम नाही.

अमेरिकेत लेफ्टनंट अलोन्झो कुशिंगचं प्रकरण तर १५१ वर्षांचं. यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई, ३ जुलै १८६३, जखमी अवस्थेतही तोफा सोडल्या नाहीत, तिथेच गेला. शेजारी लढणारा त्याचा सार्जंट जगला म्हणून त्याला १८९७ मध्ये मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. कुशिंगला ६ नोव्हेंबर २०१४ ला.

घाटमाथा

@तोफखाना, कुशिंगचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. १५१ वर्षांनी ते पदक घ्यायला आली दूरची नातलग. अमेरिकेत शिफारशीला कायद्यानं मुदत आहे. ती उलटली की काँग्रेसनं त्या एका नावापुरती सूट द्यावी लागते. ज्याच्या गावाला चिकाटीचा प्रतिनिधी मिळाला त्याची फाइल हलते. त्याच दिवशी त्याच लढाईत मेलेल्या, कागद न उरलेल्या माणसाची हलत नाही. शौर्य मोजायचं की वशिला?

हेन्री जॉन्सनचंही बघा. न्यूयॉर्कच्या ३६९ व्या रेजिमेंटचा हा कृष्णवर्णीय सैनिक मे १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर रात्रीच्या पहाऱ्यावर होता. जर्मन टोळी चालून आली, तेव्हा रायफल अडकल्यावर ती लाठीसारखी फिरवली, मग बोलो सुरा काढला, २१ जखमा झेलून साथीदाराला वाचवलं. फ्रान्सनं लगेच क्र्वा द गेर हे शौर्यपदक दिलं. स्वतःच्या देशानं काही दिलं नाही, १९२९ मध्ये गेला. पर्पल हार्ट (युद्धात जखमी झालेल्यांचं पदक) १९९६ ला, मेडल ऑफ ऑनर २०१५ ला. ज्यांना वर्षानुवर्षं त्याचं कुटुंब समजलं जात होतं त्यांचं रक्ताचं नातं नसल्याचं शेवटी वंशावळ तपासताना निघालं, आणि पदक नॅशनल गार्डच्या एका सार्जंट मेजरनं स्वीकारलं. हा सन्मान नेमका कुणापर्यंत पोहोचला?

जुनी_नोंद

पोहोचला तो नोंदीपर्यंत, आणि तीच चुकीची होती. दुसऱ्या महायुद्धातल्या मेडल ऑफ ऑनरच्या यादीत १९९७ पर्यंत एकही कृष्णवर्णीय सैनिक नव्हता. लाखोंनी लढले आणि एकही पात्र नाही? अमेरिकी सैन्यानं १९९३ मध्ये शॉ विद्यापीठाकडे अभ्यास दिला. त्यांनी खालच्या दर्जाचं पदक मिळालेल्यांच्या फायली काढल्या, १० नावं सुचवली, सात मंजूर झाली. १३ जानेवारी १९९७ ला व्हाइट हाउसमध्ये सातपैकी एकटे व्हर्नन बेकर जिवंत होते.

यात भावनेला जागा नाही. मूळ पदकाचं शिफारसपत्र आणि साक्षी आहेतच, फक्त पायरी चुकली होती का एवढंच तपासायचं. कुशिंगसारखं शून्यातून प्रकरण उभं करणं वेगळं आणि दिलेल्या पदकाचा दर्जा तपासणं वेगळं. पहिल्याबद्दलची तुमची भीती मला मान्य आहे, दुसऱ्याबद्दलची नाही.

तोफखाना

दर्जा तपासताना उलटही होऊ शकतं, हे लक्षात असू द्या. १९१७ मध्ये अमेरिकेनं एका मंडळाकडून सगळी मेडल ऑफ ऑनर पुन्हा तपासून घेतली आणि ९११ नावं काढली. त्यात ८६४ एकट्या मेन राज्याच्या २७ व्या रेजिमेंटची. यादवी युद्धात नोकरीची मुदत संपल्यावरही वॉशिंग्टनच्या रक्षणाला थांबणाऱ्यांना पदक द्यायचं ठरलं होतं. थांबले सुमारे ३००, पदकं निघाली अख्ख्या रेजिमेंटच्या नावानं.

म्हणून माझं मत मधलं आहे. उघडा, पण तीन अटींवर. एक, घटनेच्या वेळचा लेखी कागद हवा: युद्धदैनंदिनी, शिफारसपत्र, जहाजाचा अहवाल. ५० वर्षांनी लिहिलेली आठवण फक्त जोडपुरावा. दोन, तेव्हाचेच निकष लावायचे. तीन, ज्या मंडळानं नाकारलं त्यानंच फेरतपासणी करायची नाही.

शीअनचं घोडं तिथेच अडलं होतं. २०१३ च्या चौकशीनं शिफारस नाकारली, कारण तिनं मुख्यतः तेव्हाची प्रक्रिया नीट झाली का एवढं पाहिलं. २०१९ मध्ये न्यायाधिकरणानं मूळ कृतीच तोलली आणि व्हिक्टोरिया क्रॉसची शिफारस केली. मे २०२० मध्ये सरकार म्हणालं, नवा ठोस पुरावा नाही. मग तज्ज्ञांची समिती बसली, ऑगस्टमध्ये राणीची मंजुरी आली आणि १ डिसेंबर २०२० ला, जहाज बुडाल्याच्या तारखेलाच, पदक दिलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाचा तो पहिला व्हिक्टोरिया क्रॉस.

घाटमाथा

त्यातली एक बारीक गोष्ट सुटली. शीअनला मिळालेला क्रॉस 'ऑस्ट्रेलियाचा', म्हणजे १९९१ मध्ये स्थापन झालेला. १९४२ च्या कृतीला १९९१ चं पदक.

आपल्याकडे हे करता येणार नाही. परमवीर, महावीर आणि वीरचक्र २६ जानेवारी १९५० ला स्थापन झाली, लागू १५ ऑगस्ट १९४७ पासून. त्या तारखेआधी इटलीत, ब्रह्मदेशात, आफ्रिकेत लढलेल्यांना भारताचं युद्धपदक देण्याची वाटच नाही. इटलीत आपले ५० हजारांवर सैनिक होते, ५,७८२ गेले. तिथल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातल्यांचे, आणि त्या सहांत दोन मराठा रेजिमेंटचे: घाडगे आणि नामदेव जाधव. बाकीच्यांसाठी पदकांचा वाद घालून हाती काय लागणार? दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावरची नावं स्वातंत्र्यानंतरची. इंडिया गेटवरची १९१४ ते १९२१ ची. मधला काळ परदेशातल्या दगडांवर आणि दिल्लीतल्या युद्धस्मशानभूमीत. घाडगे यांची तर कबरही ओळखता आली नाही, त्यांचं नाव इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर आहे, तिथल्या ४,००० हून अधिक बेपत्ता नावांत. मी म्हणतो, आधी नावं.

जुनी_नोंद

यावर मात्र हात मिळवतो. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्याच एप्रिल २०२१ च्या अहवालात कबुली आहे की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची, प्रामुख्यानं भारतीय आणि आफ्रिकी, नोंद असमान पद्धतीनं झाली. आणि किमान १ लाख १६ हजारांची नावानं नोंदच नाही. हे त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीच ठरवलं होतं. म्हणूनच "तेव्हाचा निवाडा" हे शब्द मला खटकतात.

ज्यांना गावातल्या माणसाचा शोध घ्यायचा आहे त्यांनी या क्रमानं जावं. आधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव. पण आडनावाचं स्पेलिंग चार प्रकारे करून पाहा, घाडगेचं 'घाडगे', 'घाटगे', 'गडगे' काहीही झालेलं असतं. बऱ्याच नोंदींत आडनाव नसतंच, तेव्हा बापाचं नाव आणि गाव बघा. मग सैनिक क्रमांक. तो हाती आला की लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३७३ या मालिकेत शिफारसपत्रं आहेत, नाकारलेली किंवा खाली उतरवलेली शिफारसही कधी कधी तिथेच सापडते. इटलीतल्या तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्या डब्ल्यूओ १७० मध्ये. दैनंदिनीत शिपायाचं नाव क्वचित येतं, तारीख, टेकडी आणि कंपनी मिळते. तेवढ्यावर शिफारसपत्र जुळवायचं.

कोकणवाट

मोंतोनेसारखंच सूर्यघड्याळ माणगावातही बसवावं, नुसत्या पुतळ्यावर थांबू नये. दोन्ही गावं जोडली जातील.

शंकूची_सावली

कल्पना चांगली आहे, पण तेच घड्याळ उचलून आणलं तर चालणार नाही. सावली पाडणाऱ्या काट्याची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर लागते, म्हणजे क्षितिजाशी कोन तिथल्या अक्षांशाएवढा. मोंतोनेला तो सुमारे ४३ अंश, माणगावला १८. तासांच्या रेषाही नव्यानं आखाव्या लागतील.

दक्षिणाभिमुख भिंतीवरचं घड्याळ तर अजिबात नको. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माणगावात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा त्या भिंतीवर भर दुपारी ऊनच पडत नाही. १० जुलैही त्यातच येते. आडव्या चौथऱ्यावरचं करा, दगड काळा बेसाल्ट, काटा पितळेचा. लोखंड कोकणच्या पावसात दोन-चार वर्षांत गंजून रेषांवर ओघळ आणतं. घड्याळाशी वेळ जुळत नाही अशी तक्रार येणारच, म्हणून शेजारी लिहून ठेवा: माणगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून ९ अंश पश्चिमेला, त्यामुळे सावली सुमारे ३७ मिनिटं मागे. १० जुलैला अजून पाच मिनिटं धरा. त्या दिवशी सावली बाराच्या रेषेवर येईल तेव्हा मनगटावर १२.४२ झालेले असतील.

कोकणवाट

पण १० जुलैला माणगावात ऊन कुठलं? धो धो पाऊस असतो.

शंकूची_सावली

खरं आहे. म्हणून चौथऱ्याच्या चारही बाजूंवर नावं कोरा, तालुक्यातून गेलेल्या आणि परत न आलेल्या सगळ्यांची. ती पावसातही वाचता येतील.