फिलेट फेल झाला की 3 चा 2.99 करणं: उपाय की पळवाट?

रबाळे_मोल्ड: रबाळे-महापेच्या डिझाइन ऑफिसांत सर्रास दिसतं: कॅड मॉडेलमध्ये 3 मिमी रेडियसचा फिलेट (कडेची गोलाई) लागत नाही, टाका 2.99, हिरवी टिक आली की पुढे चला. माझ्या मते ही पळवाट. 6 मिमी रुंद पट्टीच्या दोन्ही कडांना 3 दिला की मधला सपाट फेस शून्यावर येतो, म्हणून सॉफ्टवेअर अडतं. 2.99 दिला की 0.02 मिमीची चिंधी (अतिअरुंद फेस) उरते आणि मेशिंगला, म्हणजे विश्लेषणासाठी मॉडेलचे बारीक तुकडे पाडताना, तीच नडते. तिथे फुल राउंड फिलेट, म्हणजे पट्टीचा अख्खा माथा गोल करणारा, घ्यावा. तीन फेस निवडायचे, रेडियस लिहायचाच नाही.

वागळे_टूलरूम: बॉलनोज (गोल टोकाच्या) कटरला 0.02 ची चिंधी कळते का हो? पार्टवर फरक शून्य. कस्टमरला स्टेप फाइल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी, पण फीचरचा इतिहास नसलेली) आज हवी असते. फिलेट सगळे फीचर ट्रीच्या (मॉडेल बनवण्याच्या पायऱ्यांच्या यादीच्या) शेवटी टाका, नडेल तो 0.01 ने कमी करा, विषय संपला.

रबाळे_मोल्ड: पुढच्या रिव्हिजनला पट्टी 5.95 झाली की 2.99 पण फेल. मग तो आकडा का टाकला होता, हे ड्रॉइंगवरून कुणाला कळणार?

ऐरोली_सरफेस: दोघंही रेडियसवरच अडलात. बऱ्याचदा घोळ क्रमाचा असतो. 20 मिमी उंच रिब (आधाराची पातळ उभी पट्टी), बुडाशी जाडी 2 मिमी, दोन्ही बाजूंना 1 अंश ड्राफ्ट (पार्ट मोल्डमधून सुटावा म्हणून दिलेला उतार). प्रत्येक बाजूने साधारण 0.35 जातात, माथ्यावर 1.3 उरतात. ड्राफ्टआधी तिथे 1 चा फुल राउंड बसत होता; आता 0.65 च्या वर जागाच नाही. म्हणून ड्राफ्ट आधी, फिलेट नंतर.

पण "सगळे शेवटी" हेही चूक. 2.5 मिमी जाडीचा शेल (भिंत ठेवून आतून पोकळ करणं) आतल्या बाजूला काढायचा असेल, तर बाहेरचे मोठे फिलेट त्याआधीच द्या. बाहेर 4 असेल तर आत आपोआप 1.5 मिळतो आणि कोपऱ्यात भिंत एकसारखी राहते. बाहेर बरोबर 2.5 दिला तर आतला रेडियस शून्य होतो, शेल तिथेच रुसतो. 0.5 चे बारीक फिलेट मात्र खुशाल शेवटी. एकाच कोपऱ्यात वेगवेगळे रेडियस भेटत असतील तर मोठा आधी.

वागळे_टूलरूम: हे सगळं स्वतःच्या मॉडेलला. आमच्याकडे निम्मं काम कस्टमरच्या स्टेपवर. तिथे ट्रीच नसते, क्रम कसला लावणार?

ऐरोली_सरफेस: मग आधी चेक कमांडने सर्वात लहान वक्रता आणि सर्वात लहान एज बघा. आत वळलेल्या फेसचा रेडियस 2.4 असेल तर 3 चा गोळा (फिलेट काढताना सॉफ्टवेअर कडेवरून फिरवतं तो) त्यात फिरणारच नाही. तिथे 2.99 ने पण काही होत नाही, 2.4 च्या खालीच यावं लागेल. 0.05 ची आखूड एज आडवी येत असेल तर शेजारचा चिंधी फेस डिलीट-अँड-पॅचने (फेस काढून भोवतालचे फेस वाढवून जागा बुजवणारी कमांड) काढा आणि मग फिलेट द्या.

वागळे_टूलरूम: आणि पॅच लागला नाही की?

ऐरोली_सरफेस: फेस काढून तेवढा भाग बाउंड्री सरफेसने (कडांवरून ताणलेल्या नव्या पृष्ठभागाने) भरा, निट करा, म्हणजे बाकीच्या फेसना जोडा. वेळ जातो, कबूल.

वागळे_टूलरूम: तोच वेळ कोटेशनमध्ये कुणी धरत नाही. ट्रायल पार्टला मी 2.99 च टाकणार.

रबाळे_मोल्ड: टाका, पण फीचरच्या नावातच लिहून ठेवा. प्रॉडक्शन टूलची फाइल त्यावरूनच निघते.