बोगमाळोहून विमानांचे फोटो: छंद की आगाऊपणा?

खाडीकाठचा:
रविवारी गोव्यात बोगमाळोच्या वाळूत ट्रायपॉड लावून बसलो होतो. दाबोळी विमानतळाची धावपट्टी तिथून उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात ऊन दिवसभर पाठीशी. तेवढ्यात फिरायला आलेले एक काका अंगावरच आले. "डिलीट कर आधी, नाहीतर फोन करतो!" गपगुमान चार फ्रेम पुसल्या. राग घरी आल्यावर आला. चारातली तीन प्रवासी विमानं, एक नौदलाचं टेहळणीचं डॉर्नियर. सगळी डोक्यावरून उघड उडणारी. साध्या डोळ्यांना दिसतं त्याचा फोटो का नको? धावपट्टी तर उपग्रहाच्या नकाशावर शेंबडं पोरही बघतं.

जुना वास्कोकर:
धावपट्टी दिसते, मान्य. डॉर्नियर किती वाजता निघालं, आठवड्यात किती वेळा गेलं, हे नकाशात दिसत नाही. तुझ्या कॅमेऱ्याच्या फाइलीत वेळ असते, जीपीएस चालू असेल तर जागाही. दाबोळी पोर्तुगीजांनी बांधली, डिसेंबर १९६१ मध्ये आपल्याच हवाई दलाने तिच्यावर बॉम्ब टाकले, आणि १९६४ पासून तिथे आयएनएस हंसा, म्हणजे नौदलाचा हवाई तळ आहे. घर नौदलाचं, प्रवासी टर्मिनल पाहुणं. काका तोंडाने फटकळ असतील, चुकीचे नव्हते.

खाडीकाठचा:
मग काकांनी पोलिसांना बोलवायचं होतं. माझ्या कार्डावरचं पुसायला लावायचा हक्क त्यांना कोणी दिला?

जुना वास्कोकर:
हक्क नव्हताच. पण तू पुसलंस ना? आतून कुठेतरी धाकधूक होतीच.

रापणकार:
एका काकांनी हटकलं तर केवढं लागलं! आम्ही पहाटे रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, किनाऱ्यावरून ओढतो, दोर खांद्यावर, पाय वाळूत रुतलेले, आणि तुमच्यातला कोणीतरी लेन्स नाकाशी आणून गुडघ्यावर बसतो. गेल्या खेपेला एकाचा ट्रायपॉड दोरात अडकला, वर आम्हालाच "जरा थांबा" म्हणाला. जाळं थांबतं होय? विमानाचं राहू दे, आधी माणसांना विचारायला शिका.

खाडीकाठचा:
हे मात्र खरं. रापणीचे फोटो मीही न विचारता काढलेत.

सड्यावरचा:
दोघेही एकाच किनाऱ्याला का चिकटलाय? नौदलाची विमानंच हवीत तर बोगमाळोतच नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. सुपर कॉन्स्टेलेशन, अलिझे, सी हॉक, आरामात बघा. उडतीच हवीत तर आमच्या सिंधुदुर्गात परुळ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर या. तिथल्या चिपी विमानतळावर एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान उतरतं. शटर सेकंदाच्या एक हजारांशावर ठेवलात तर पंखा गोठतो आणि विमान टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. एकशेपंचविसांशावर या, पात्यांचा गोल उमटेल. दहाच्या आत आटपा, नंतर जांभा तापून हवा लहरते आणि काही धारदार येत नाही. ड्रोन मात्र घरी ठेवा, विमानतळाच्या कुंपणाजवळ तो चालत नाही.

जुना वास्कोकर:
संग्रहालयातली विमानं हलत नाहीत, ह्याला ती कशी चालतील?

खाडीकाठचा:
चालणार नाहीतच. चिपीला येतो, सकाळचं उतरणं किती वाजता ते सांगा. आणि बोगमाळोला जाणं सोडणार नाही, नौदलाचं विमान आलं की कॅमेरा खाली ठेवीन. काकांसाठी नाही, डॉर्नियरसाठी.

रापणकार:
आणि रापण आली की?

खाडीकाठचा:
दोराला हात लावायला येतो.