जिल्हा कारागृहाच्या वर कोण असतं? भावाच्या जामिनासाठी आणि औषधासाठी दाद कुठे मागू?

बेदाणा_तासगाव

नमस्कार. मी तासगावजवळ एका बेदाण्याच्या शेडवर निवडीचं काम करते. माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. 5 महिन्यांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात त्याच्या गाडीत विहिरींवरच्या मोटारींची चोरलेली केबल सापडली. माल भरणारे दोघे पळाले, हा गाडीसकट सापडला. याआधी त्याच्यावर एकही केस नाही. तेव्हापासून तो तिथल्याच जिल्हा कारागृहात आहे.

जामीन मंजूर होऊन सव्वा महिना झाला. 25,000 चा जातमुचलका, म्हणजे त्याचं स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, तोही त्याच जिल्ह्यातला. आमच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, सातबारा आणू कुठला? तिकडं आमचं कुणी सोयरंधायरं नाही. ओळखीतला एकजण तयार झाला होता. ऐपतीचा दाखला काढायला तहसीलला जायचं ठरलं, त्या दिवशी सकाळपासून त्याचा फोन बंद.

दुसरी गोष्ट मला त्याहून जाळते. मागच्या मंगळवारी मुलाखतीला गेले होते. काचेपलीकडं त्यानं फोन कानाला लावला तेव्हा बोटांच्या बेचक्यात बारीक पिकलेले फोड दिसले, पार मनगटापर्यंत. बोलता बोलता दुसऱ्या हातानं खाजवत होता आणि मी बघतेय म्हटल्यावर हात खाली घेतला. बराकीत पुष्कळ जणांना झालंय म्हणाला. मलम एकदा मिळालं, ते संपलं. मी मेडिकलमधून मलम नेलं होतं, गेटवर घेतलं नाही. कलेक्टर ऑफिसला गेले, ते म्हणाले एसपींकडे जा. एसपी ऑफिसात सांगितलं, जेल आमच्याकडं येत नाही. यात माझे दोन दिवस बुडाले, हातात काही नाही.

मला एवढंच कळू दे. या जेलच्या वर नक्की कोण आहे? कुणी विचारल्यावर त्यांना उत्तर द्यावं लागतं?

निवृत्त_मिरज

ताई, मी कारागृह खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झालो. 31 वर्षं त्या गेटच्या आत-बाहेर केली, म्हणून सविस्तर लिहितो.

एसपी ऑफिसात तुम्हाला खरं तेच सांगितलं. पोलीस कोठडी त्यांची. न्यायालयीन कोठडी लागली की माणूस कारागृह खात्याच्या ताब्यात येतो. पाटीवर 'जिल्हा' लिहिलेलं असलं तरी ते कारागृह राज्याचं असतं. तुरुंग हा घटनेप्रमाणे राज्यसूचीतला विषय आहे. अधीक्षकांच्या वर कारागृह उपमहानिरीक्षक, आपल्याकडच्या जिल्ह्यांसाठी पश्चिम विभाग. त्यांच्या वर महानिरीक्षक, कारागृह व सुधारसेवा. ही दोन्ही कार्यालयं पुण्यात. त्यांच्या वर मंत्रालयातला गृह विभाग. जेवण, पाणी, औषध, मुलाखत, मारहाण, बराकीतली गर्दी, कर्मचाऱ्यांची वागणूक या सगळ्याचा जाब पुण्याहून विचारला जातो.

आता तुमच्या दोन तक्रारी आधी वेगळ्या करा. ते फोड म्हणजे खरूज दिसते, तिची तक्रार कारागृह खात्याकडे. जामिनाची कोर्टाकडे. जामीनदाराची अट अधीक्षक सैल करू शकत नाहीत, महानिरीक्षकही नाही. दोन्ही एकाच अर्जात लिहिलंत तर तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल.

बाहेरचं मलम गेटवर घेत नाहीत हे योग्यच आहे, ट्यूबमधून काय आत जातं ते आम्ही पाहिलेलं आहे. पण मग औषध देणं ही कारागृहाची जबाबदारी होते, तिथे सुटका नाही. आणि खरूज एकट्याला मलम लावून जात नाही. मी एका ठिकाणी असताना आमच्या डॉक्टरांनी अख्खी बराक एकाच दिवशी बाहेर काढली. सगळ्यांना मानेपासून तळपायापर्यंत औषध, अंगावरचे कपडे आणि चादरी उकळत्या पाण्यात, कांबळी उन्हात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तेव्हा गेली. अर्जात नुसतं 'भावाला औषध द्या' लिहू नका, 'संपूर्ण बराकीची तपासणी आणि उपचार' मागा.

अर्ज अधीक्षकांच्या नावानं, प्रत उपमहानिरीक्षकांना आणि जिल्हा न्यायाधीशांना. जिल्हा न्यायाधीशांना का, ते सांगतो. कारागृहाला अभ्यागत मंडळ असतं. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, आरोग्याचे अधिकारी आणि काही बिनसरकारी लोक त्यात असतात. त्यांनी भेट दिली की शेरेबुकात शेरा लिहायचा, आणि त्या शेऱ्याची नक्कल अधीक्षकांच्या खुलाशासह वर पाठवायची. मी ती नक्कल स्वतः लिहून काढलेली आहे. 'बराक क्र. 4 मध्ये संडासाला दार नाही', एवढी एक ओळ होती. आम्ही ते दार दोन वर्षं मागत होतो. शेरा वर गेल्यावर महिन्याभरात सुतार आला. बाहेरच्या माणसाच्या एका ओळीला आत फार वजन असतं, ताई. म्हणून मंडळाच्या भेटी झाल्या पाहिजेत आणि लोकांनी त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

याच खात्याची आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहतही मी पाहिली आहे. औंध संस्थानात 1939 साली तिथले राजे पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्यानं मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्यानं सुरू केलेली. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. तिथे एका बंद्यानं मला त्याच्या मेथीच्या वाफ्यावर नेऊन 'पाणी जरा जास्त झालं काय, साहेब?' असं विचारलं होतं. माणसावर विश्वास टाकून सांभाळणं या खात्याला येतं. बराकीतल्या पोरालाही तशीच काळजी मिळायला हवी, असं मी मनापासून मानतो.

वकील_सातारा

ताई, जामिनाचं मी सांगतो. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर मी आहे, कारागृहात ठरलेल्या दिवशी जातो.

सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023 ला याच अडचणीसाठी निर्देश दिले. जामीन होऊनही बंदी 7 दिवसांत सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार देता आला नाही, तर कोर्ट स्वतःहून अट बदलायचा विचार करू शकतं. आणि स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण असल्यानं अशी अट घालू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तुमचा सव्वा महिना झाला, म्हणजे अर्जाला पुरेसा आधार आहे. अट शिथिल करा, किंवा तोवर तात्पुरता रोख जामीन घ्या, असा अर्ज करता येतो.

रोख रक्कमही नसेल तर गरीब बंद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना आहे. न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या बंद्यासाठी जामिनाची रक्कम ठरलेल्या मर्यादेत थेट कोर्टात भरली जाते, घरच्यांच्या हातात येत नाही. निर्णय जिल्ह्याची समिती घेते, त्यात जिल्हाधिकारी, एसपी, कारागृह अधीक्षक आणि प्राधिकरणाचे सचिव असतात. म्हणजे ज्या कलेक्टर ऑफिसातून तुम्हाला परत पाठवलं, तिथे या कामासाठी तुमचा हक्क आहे.

आणखी एक. चोरीचा माल बाळगल्याला जास्तीत जास्त 3 वर्षं शिक्षा आहे. पहिलाच गुन्हा आणि दुसरी केस नसेल तर एक तृतीयांश काळ, म्हणजे 1 वर्ष आत काढल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 479 खाली सोडायची तरतूद आहे, आणि तो अर्ज कोर्टाकडे अधीक्षकांनीच करायचा असतो. पण तोवर थांबायची गरज नाही. त्या जिल्ह्याच्या कोर्टाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, उद्याच जा. 15100 वर फोनही चालतो. वकील मोफत मिळतो.

आई_कराड

माझा मुलगा 7 महिने आत होता. बाई, कुठंही तोंडी सांगू नकोस. दोन प्रती ने, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घे. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तरी पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. आणि मुलाखतीत त्याच्यापुढं रडू नकोस. रात्री त्याला तेच आठवतं.

बेदाणा_तासगाव

सगळ्यांचे उपकार आहेत. आज पहाटेच्या एसटीनं गेले होते. प्राधिकरणाच्या बाईंनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. कारागृहाकडून भावाचं नाव त्यांच्याकडं आलेलंच नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर तिकडं फोन लावला, वकील दिला. सोमवारी अट बदलायचा अर्ज लागेल. आई, शिक्का घेतला.

काका, खरजेचा अर्ज रात्री लिहायला बसलेय. त्यात त्याचं नाव घातलं तर आत त्याला कुणी त्रास देईल का? ह्या भीतीनं हात थांबलाय.

निवृत्त_मिरज

भीती वाटणं साहजिक आहे. नाव घाला, पण तक्रार एकट्याची करू नका. असं लिहा: 'माझ्या भावासह बराकीतील अनेक बंद्यांना त्वचारोग झाला असून संसर्ग वाढत आहे. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत सर्वांची तपासणी व एकाच वेळी उपचार व्हावेत, ही विनंती.' कुणावर आरोप करू नका. खाली प्रत कुणाकुणाला ते ठळक लिहा, ते वाचूनच पुष्कळ काम होतं. पुण्याची प्रत रजिस्टर एडीनं टाका. पुढच्या मुलाखतीला त्याचे हात नीट बघा आणि इथे लिहा. उपचार सुरू झाले नसतील तर पुढचा अर्ज मी लिहून देतो.